आशियाई क्रीडा स्पर्धेतले बॅडमिंटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशियाई क्रीडा स्पर्धा आणि आशियाई बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धा एकच का?

नाही. बातम्यांच्या मथळ्यांमध्ये दोन्हींना सर्रास ‘आशियाई सुवर्ण’ म्हणतात, त्यामुळे सगळा घोळ होतो.

आशियाई क्रीडा स्पर्धा, म्हणजे आपण ज्याला पूर्वापार एशियाड म्हणतो ती, दर चार वर्षांनी भरते. तिथे ॲथलेटिक्स, कुस्ती, कबड्डी, नेमबाजी अशा डझनावारी खेळांमधला बॅडमिंटन हा एक. आशियाई अजिंक्यपद ही मात्र निव्वळ बॅडमिंटनची स्पर्धा आहे आणि हल्ली ती दरवर्षी होते. दिनेश खन्नांनी १९६५ मध्ये लखनौला जिंकलेले सुवर्ण हे या दुसऱ्या स्पर्धेतले होते. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी या भारताच्या दुहेरी जोडीने तर गोंधळात आणखी भर घातली. २०२३ या एकाच वर्षात एप्रिलअखेर दुबईला आशियाई अजिंक्यपद आणि ऑक्टोबरात चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण, अशी दोन्ही पदके त्यांनी घेतली. या पानावर फक्त एशियाडबद्दल लिहिले आहे.

बॅडमिंटन या स्पर्धेत कधी आले?

१९६२ मध्ये, जकार्ताला. यजमान इंडोनेशियाचे तान जो हॉक आणि मिनार्नी हे एकेरीचे पहिले विजेते. इंडोनेशिया तेव्हा जगज्जेता संघ होता आणि थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, त्यांच्याकडे होता, त्यामुळे हा खेळ त्यांच्याच घरी एशियाडमध्ये शिरला यात नवल नाही. तेव्हापासून एकाही स्पर्धेतून तो गळलेला नाही.

एकूण किती सुवर्णपदके असतात?

सात. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी, मिश्र दुहेरी, शिवाय पुरुष सांघिक आणि महिला सांघिक. मिश्र दुहेरी पहिल्या वर्षी नव्हती, ती १९६६ च्या बँकॉक स्पर्धेपासून आली. ऑलिम्पिकमध्ये सांघिक प्रकार नाहीत, तिथे पाचच पदके. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण माझ्या मते एशियाडची खरी मजा त्या दोन जादा पदकांमध्ये आहे.

सांघिक लढत नेमकी कशी खेळतात?

थॉमस कप किंवा महिलांचा उबेर कप पाहिला असेल तर तशीच. दोन देशांमध्ये पाच सामने: तीन एकेरी, दोन दुहेरी. एकेरी आणि दुहेरी आलटूनपालटून होतात आणि शेवटचा सामना एकेरीचा असतो. जो आधी तीन जिंकेल तो देश पुढे. उपांत्यपूर्व फेरीपासून सहसा तिसरा विजय मिळाला की लढत तिथेच संपते.

यातली मेख क्रमवारीत आहे. प्रशिक्षकाला वाटेल त्या खेळाडूला वाटेल त्या जागी उभे करता येत नाही. एकेरीतले तिघे जागतिक क्रमवारीनुसार पहिला, दुसरा, तिसरा असेच उतरतात. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा खेळाडू जायबंदी झाला तर फक्त एक जागा रिकामी होत नाही. दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो, तिसरा दुसऱ्याच्या आणि तळाला चौथा येतो. एक माणूस बसला की तिन्ही सामन्यांची गणिते बदलतात.

१ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊमध्ये भारताच्या वाट्याला हेच आले. पुरुष सांघिक अंतिम लढत, समोर यजमान चीन, आणि एच. एस. प्रणॉय पाठीच्या दुखापतीने बाहेर. त्यामुळे लक्ष्य सेन पहिल्या जागी सरकला आणि त्याने शी युकीला २२-२०, १४-२१, २१-१८ असे हरवले. सात्विक-चिरागने लिआंग वेईकेंग आणि वांग चांग या जोडीला दोन गेममध्ये गुंडाळले. भारत २-०. आता तीनपैकी एकच सामना हवा होता. किदम्बी श्रीकांतने ली शीफेंगविरुद्धचा पहिला गेम २२-२४ असा निसटता गमावला. माझ्या लेखी ती लढत तिथेच फिरली, कारण त्यानंतरचा गेम तो ९-२१ हरला. ध्रुव कपिला आणि साई प्रतीक यांचा टिकाव लागला नाही. मग पाचव्या सामन्यात मिथुन मंजुनाथला वेंग होंगयांगसमोर जावे लागले आणि तो १२-२१, ४-२१ असा हरला. चीन ३-२.

मिथुनला त्या रात्री बरेच बोल लावले गेले. ते अन्यायाचे होते. प्रणॉय असता तर श्रीकांत तिसऱ्या जागी, चीनच्या तिसऱ्या खेळाडूसमोर आला असता. आदल्याच दिवशी कोरियाविरुद्धच्या उपांत्य लढतीत २-२ अशा बरोबरीनंतर पाचवा सामना श्रीकांतनेच काढून दिला होता.

एकाच प्रकारात दोन कांस्यपदके कशी?

एशियाडच्या बॅडमिंटनमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी सामना होत नाही. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळते, सांघिक प्रकारातही तसेच. ऑलिम्पिकमध्ये मात्र कांस्यासाठी वेगळा सामना खेळावा लागतो. म्हणूनच ‘उपांत्य फेरीत पोहोचला म्हणजे पदक नक्की’ हे वाक्य एशियाडला लागू पडते आणि ऑलिम्पिकला पडत नाही. पॅरिसमध्ये लक्ष्य सेन उपांत्य फेरीत पोहोचूनही रिकाम्या हाताने परतला, ते याचमुळे.

मग एशियाडचे पदक ऑलिम्पिकपेक्षा सोपे म्हणायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेकदा विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच ठरवलेले असते: ‘आशिया म्हणजे जगाचा एक तुकडा, तेव्हा सोपेच.’ ॲथलेटिक्समध्ये किंवा जलतरणात हे खरे आहे. बॅडमिंटनमध्ये हा हिशेब चुकतो.

आकडेच पाहू. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनची १५ पदके होती. त्यांपैकी १४ आशियाई देशांनी नेली. उरलेले एक डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसनचे. त्याआधीच्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही नेमके हेच प्रमाण होते आणि तिथेही एकमेव अपवाद ॲक्सेलसनच. म्हणजे ऑलिम्पिकमधून डेन्मार्क वगळला की जे उरते, जवळपास तेच एशियाड. चीन, इंडोनेशिया, कोरिया, जपान, मलेशिया, थायलंड, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान), हाँगकाँग आणि भारत, सगळे तिथे असतात.

सोपे काय आहे तेही सांगायला हवे. दोन कांस्यपदके असल्यामुळे पदकाच्या जागा जास्त. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत बॅडमिंटनमध्ये अजून रांगणाऱ्या देशांचे खेळाडू भेटतात, आणि ते सामने अर्ध्या तासात संपतात. सांघिक प्रकारात संघ थोडे असतात, त्यामुळे ड्रॉ अनुकूल पडला तर एक-दोन विजयांत पदक हाती येते. पण उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे एकाही सामन्यात दम खायला उसंत नसते. सुवर्णापुरते बोलायचे, तर महिला एकेरीत आणि दुहेरीच्या तिन्ही प्रकारांत एशियाड आणि ऑलिम्पिक यांत मला फरक दिसत नाही. पुरुष एकेरीत ॲक्सेलसन नसणे ही मोठीच सवलत, एवढे मान्य.

एका देशाचे किती खेळाडू उतरू शकतात?

वैयक्तिक प्रकारांमध्ये प्रत्येकी जास्तीत जास्त दोन. दुहेरीतही दोनच जोड्या. चीन किंवा इंडोनेशियाच्या तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूला, तो जगात पहिल्या दहात असला तरी, घरी बसावे लागते. त्या देशांतली निवड म्हणूनच कधीकधी स्पर्धेपेक्षा जास्त गाजते.

इतिहासात सर्वांत मोठे वळण कोणते?

१९७४, तेहरान. त्याआधी बॅडमिंटनमध्ये इंडोनेशिया आणि मलेशियाची मक्तेदारी होती, अधूनमधून जपान आणि थायलंड. चीन आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बाहेर होता आणि त्याचे खेळाडू मोठ्या स्पर्धांमध्ये दिसतच नव्हते. तेहरानला तो पहिल्यांदा एशियाडमध्ये उतरला, आणि पदार्पणातच पुरुष आणि महिला या दोन्ही एकेरींची सुवर्णपदके घेऊन गेला.

पुरुषांमध्ये जिंकला हौ जियाचांग. हा माणूस जन्मला होता इंडोनेशियात, जावा बेटावर. त्याच्या पिढीचा दुसरा महान चिनी खेळाडू तांग शियानहू, तोही इंडोनेशियात जन्मलेला. १९६० च्या सुमारास तिथले अनेक चिनी वंशाचे तरुण चीनला गेले, त्यांतले हे दोघे. म्हणजे चीनने इंडोनेशियाला हरवले ते काही अंशी इंडोनेशियातच शिकलेल्या खेळाने. गोष्ट इथेही थांबत नाही. तांग पुढे प्रशिक्षक म्हणून इंडोनेशियात परतला, तिथे खेळाडू घडवले, नागरिकत्व मात्र मिळाले नाही म्हणून १९९८ मध्ये पुन्हा चीनला गेला, आणि तिथे त्याच्या हाताखाली तयार झाला लिन डॅन. या दोन देशांमधले वैर दिसते तेवढे सरळ नाही.

आज एशियाडच्या बॅडमिंटनमध्ये सर्वाधिक सुवर्णपदके चीनची आहेत आणि दुसऱ्या क्रमांकावर इंडोनेशिया. पण २०२३ ला हांगझोऊत इंडोनेशियाला एकही पदक मिळाले नाही. १९६२ पासून असे कधीच झाले नव्हते. त्याच स्पर्धेत सातपैकी चार सुवर्ण चीनने, दोन कोरियाने आणि एक भारताने घेतले.

भारताची आजवरची पदके किती?

हांगझोऊपर्यंत १३. एक सुवर्ण, दोन रौप्य आणि दहा कांस्य.

पहिले पदक १९७४ ला तेहरानमध्ये, पुरुष सांघिक कांस्य. मग १९८२, नवी दिल्ली. घरच्या प्रेक्षकांसमोर भारताने पाच कांस्यपदके मिळवली: दोन्ही सांघिक प्रकारांत, पुरुष एकेरीत सय्यद मोदी, पुरुष दुहेरीत लेरॉय डिसा आणि आपले प्रदीप गंधे, आणि मिश्र दुहेरीत डिसा व कंवल ठाकर सिंग. १९८६ ला सेऊलमध्ये पुन्हा पुरुष सांघिक कांस्य.

त्यानंतर थेट २०१४. इंचेऑनला महिला संघाने उपांत्य फेरी गाठली, तिथे यजमान कोरियाकडून हरला आणि कांस्य घेऊन आला. मध्ये २८ वर्षे गेली.

२०१८ ला जकार्तामध्ये सिंधू आणि सायना दोघी महिला एकेरीच्या उपांत्य फेरीत होत्या. दोघींनाही हरवले एकाच बाईने, ताय झू यिंगने. सायनाला उपांत्य फेरीत, सिंधूला अंतिम सामन्यात २१-१३, २१-१६ असे. सिंधूचे रौप्य ही तोवरची भारताची सर्वोत्तम कामगिरी. २०२३ ला हांगझोऊत पुरुष दुहेरीचे सुवर्ण, पुरुष सांघिकचे रौप्य आणि प्रणॉयचे एकेरीतले कांस्य. सय्यद मोदींनंतर पुरुष एकेरीत पदक यायला ४१ वर्षे लागली.

ती मधली २८ वर्षे कोरडी का गेली?

खेळाडू नव्हते असे नाही. गोपीचंदने २००१ मध्ये ऑल इंग्लंड ही प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली, तीही याच काळात. अडचण ही की दुसरी फळीच नव्हती. आपल्याकडे एका वेळी एखादा मोठा एकेरीपटू असायचा आणि बाकी सगळे त्याच्यापासून कैक पायऱ्या खाली. सांघिक पदकाला किमान तीन सामने जिंकणारी माणसे लागतात, आणि दुहेरीकडे तर आपण दुर्लक्षच केले. ज्याला एकेरी जमत नाही तो दुहेरी खेळतो, हा समज कितीतरी वर्षे क्लबांमध्ये मुरलेला होता. कोरिया आणि चीनमध्ये मुले कोवळ्या वयातच दुहेरीसाठी वेगळी काढली जातात. भारताला एशियाडचे पहिले सुवर्ण दुहेरीत मिळाले, हे म्हणूनच मला फार बोलके वाटते.

प्रकाश पदुकोण आणि गोपीचंद यांना एशियाडमध्ये काय मिळाले?

पदुकोण यांच्या नावावर दोन कांस्यपदके आहेत, १९७४ आणि १९८६ ची. दोन्ही सांघिक, वैयक्तिक एकही नाही. गोपीचंद यांना खेळाडू म्हणून एकही पदक नाही. हे दोघेही ऑल इंग्लंड विजेते. ज्यांना एशियाड सोपे वाटते त्यांना मी एवढीच माहिती देतो आणि गप्प बसतो.

सात्विक-चिरागच्या सुवर्णात विशेष काय होते?

७ ऑक्टोबर २०२३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि किम वॉन-हो यांना २१-१८, २१-१६ असे हरवले. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो उपांत्य सामना. समोर मलेशियाचे ॲरन चिया आणि सो वूई यिक होते, २०२२ चे जगज्जेते. या जोडीने सात्विक-चिरागला वर्षानुवर्षे सतावले होते. ठेवणीतले बोचरे सर्व्हिस रिटर्न, नेटवरचा चपळपणा, आणि आपल्या पोरांना स्मॅश मारायला शटल उंच मिळूच द्यायचे नाही. हांगझोऊत मात्र सामना २१-१७, २१-१२ असा एकतर्फी झाला. प्रशिक्षक मॅथियास बो स्वतः डेन्मार्कचा मुरलेला दुहेरीपटू. त्याच्या हाताखाली या जोडीने सर्व्हिसनंतरच्या पहिल्या तीन फटक्यांवर घेतलेली मेहनत तिथे दिसली. पुढच्याच आठवड्यात ही जोडी जागतिक क्रमवारीत पहिली झाली. भारताच्या कुठल्याही दुहेरी जोडीला तोवर ते जमले नव्हते.

सात्विक आंध्र प्रदेशातल्या अमलापुरमचा, चिराग मुंबईचा.

कोणत्या मोठ्या खेळाडूला एशियाडचे सुवर्ण कधीच मिळाले नाही?

ली चोंग वेई. मलेशियाचा हा खेळाडू कित्येक वर्षे जगात पहिला होता, पण २०१० ला ग्वांगझूमध्ये अंतिम सामन्यात लिन डॅनने अडवले आणि २०१४ ला उपांत्य फेरीत पुन्हा लिन डॅननेच. याच्या नेमका उलटा मामला तौफिक हिदायतचा. इंडोनेशियाच्या तौफिकने २००२ आणि २००६ अशी सलग दोन सुवर्णे घेतली, दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात लिन डॅनलाच हरवून. त्याचा बॅकहँड पाहण्यासाठी आजही लोक जुन्या चित्रफिती शोधतात.

गुणांची पद्धत वेगळी असते का?

नाही, जी इतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत असते तीच. हांगझोऊला २१ गुणांचे तीन गेम, दोन जिंकणारा विजयी. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी लागते आणि २९-२९ ला मात्र पुढचा एक गुण निर्णायक. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. ही पद्धत २००६ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या स्पर्धांचे १५-१०, ११-७ असे निकाल वाचून बुचकळ्यात पडू नका.

समालोचक सारखे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, ते काय?

हॉलमधल्या वातानुकूलनामुळे हवा एका बाजूने वाहते. शटल जेमतेम पाच ग्रॅमचे, त्यामुळे ते या हवेवर ढळते. एका बाजूने खेळताना टॉस, म्हणजे उंच आणि लांब मारलेला फटका, मागच्या रेषेबाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूने तोच टॉस अर्ध्यात पडतो. म्हणून तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात. एखादा खेळाडू पहिला गेम २१-९ जिंकून दुसरा १२-२१ हरला, तर त्याने एकाग्रता गमावली असे लगेच ठरवू नये. अनेकदा तो फक्त हवेच्या चुकीच्या बाजूला असतो.

विजेत्यांना बक्षिसाची रक्कम मिळते का?

आयोजकांकडून नाही, फक्त पदक. रोख बक्षिसे देतात ती आपापल्या देशांची सरकारे आणि संघटना.

तैवानचा उल्लेख ‘चायनीज तैपेई’ असा का?

आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये तैवानचे खेळाडू याच नावाने आणि वेगळ्या ध्वजाखाली उतरतात. ताय झू यिंग त्यांचीच.

पॅरा बॅडमिंटनही याच स्पर्धेत असते?

नाही, आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा वेगळी. ती मुख्य स्पर्धेनंतर काही आठवड्यांनी, बहुधा त्याच शहरात होते. तिथे भारताचा दबदबा कितीतरी मोठा आहे. प्रमोद भगतने २०१८ आणि २०२३ अशा दोन्ही वेळा एकेरीचे सुवर्ण जिंकले, आणि हांगझोऊत सुहास यतिराजही सुवर्ण घेऊन आला. या पदकांना वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर दोन ओळी मिळतात, याची चीड येते.

हांगझोऊची स्पर्धा २०२२ ची की २०२३ ची?

नाव २०२२ चे, झाली २०२३ मध्ये. करोनामुळे ती वर्षभर पुढे ढकलली गेली. पुढचे यजमान असे: २०२६ ला जपानमधील आइची-नागोया, २०३० ला दोहा आणि २०३४ ला रियाध.

सगळे सामने पाहायला वेळ नाही. एकच दिवस निवडायचा तर?

वैयक्तिक उपांत्यपूर्व फेरीचा. अंतिम सामन्याला दोघांकडेही पदक असतेच, उपांत्यपूर्व सामन्यात मात्र एकजण पदकासह बाहेर पडतो आणि दुसरा काहीही न घेता. हांगझोऊला अशाच सामन्यात सिंधू चीनच्या ‘ही बिंगजियाओ’कडून दोन गेममध्ये हरली. जिला हरवून तिने टोकियोत ऑलिम्पिक कांस्य मिळवले होते, तीच ही. आणि त्याच फेरीत दुखऱ्या पाठीने खेळणाऱ्या प्रणॉयने मलेशियाच्या ली झी जियाला २१-१६, २१-२३, २२-२० असे हरवले. उपांत्य फेरीत तो ली शीफेंगकडून सहज हरला, पण कांस्यपदक आधीच त्याच्या नावावर लागले होते.